जावयाच्या गाडीचं तिकीट

शिरगोंडी,
१९ जून १९७४

रेवणसिद्ध,

आशीर्वाद तुझ्या वाट्याचे आहेतच, पण आधी माझा वैताग वाच.

तुझी भाची मायाक्का मॅट्रिक पास झाली. शाळेत मुलींमध्ये पहिली. मी वीस वर्षं या गावात मास्तरकी करतोय आणि माझ्या हाताखालून एकही मुलगी कॉलेजात गेलेली नाही. निदान माझी तरी जावी, विज्ञान शिकावी, एवढीच माझी हौस. घोडं पेंड खातंय ते धोंडीराम अण्णांपाशी. माझे थोरले बंधू. मेंढरं त्यांची, जमीन त्यांच्या नावावर आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच. चावडीपुढं चारचौघांत त्यांनी निकाल दिला, "शिकू द्या की. पर दिवेलागणीला पोर उंबऱ्याच्या आत पायजे. एक दिस चुकली तर नातेपुत्याचं स्थळ हाय, उजवून मोकळा हुतो."

तुझ्याकडे ठेवावी तर तुझ्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं. अण्णांची लेक बजाबाई तिथंच सोलापुरात रेल्वे क्वार्टरात राहते, तिच्याकडे ठेवा म्हटलं तर अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले की मी विषयच बदलला. तुला ठाऊक आहे, ते लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. सोलापूरला गेले की तिच्या ओट्यावर बसतात, पण पाण्याचा तांब्या घरून भरून नेतात.

राहिली एस. टी. ती कधी आठला येते, कधी अकराला, आणि गेल्या गुरुवारी आलीच नाही. रेल्वेचे रूळ मात्र आमच्या उशाला आहेत आणि त्यावरून जी एक गाडी जाते ती भर दुपारी. तू त्याच खात्यात कारकून. सकाळची शटल सुरू होणार असं दोन वर्षं सांगतोयस. रेल्वेचा संप मिटला, आता तरी काय अडलंय? कस्तुरा म्हणते, भाऊ साहेब झाल्यापासून बहिणीचं गाव विसरला. मी तिची समजूत काढलेली नाही.

तुझा,
ज्ञानबा

*

सोलापूर,
२६ जून १९७४

दाजींस सप्रेम नमस्कार,

आक्काला सांगा, तिचा भाऊ साहेब झालेला नाही. त्याची खुर्ची तीन पायांची आहे आणि चौथ्या पायाखाली जुनी टाइमटेबलं रचलेली आहेत.

तुम्हाला वाटतं गाडी म्हणजे वर्गातली घंटा, मनात आलं की वाजवली. या शटलसाठी मी सात वेळा टिपण लिहिलं. पहिलं हरवलं. दुसऱ्यावर शेरा पडला, "आवश्यकता काय?" मग मी आवश्यकताच लिहून काढली. लिहिलं, सोलापूर दरसाल फुगतंय. दुष्काळात खेड्यांतून आलेली माणसं परत गेली नाहीत, कारण जाऊन येऊन काम करायला साधन नाही. गिरणीच्या चाळीत एकाच वाकळेवर तीन पाळ्यांची तीन माणसं आळीपाळीनं झोपतात. विणकरांच्या घरांत अर्ध्या जागेत माग आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं. यातल्या प्रत्येकाला शहरात खोली बांधून देणं कोणाच्या बापाला जमणार नाही. पण सकाळी आणून संध्याकाळी पोचवणारी एक गाडी दिली, तर ती माणसं आपापल्या घरात झोपतील, दूध-भाजी ताजी येईल, आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचेल, पोरं शिकतील. शेवटचं वाक्य लिहिताना मायाक्का डोळ्यांपुढं होती, ते साहेबांना सांगितलं नाही.

तर मंजूर झालं. तीन डबे, पंधरा जुलैपासून, चार महिने प्रायोगिक. शिरगोंडी हॉल्टवर सकाळी सात चाळीस, परतीला संध्याकाळी साडेपाच. आता नीट वाचा, कारण हेच महत्त्वाचं आहे. हॉल्टवर रोज निदान चाळीस माणसांची तिकिटं खपली पाहिजेत. नाही खपली तर गाडी बंद, आणि माझं टिपण कचेरीत वर्षभर चेष्टेला पुरेल. गावात दवंडी द्या.

आपला,
रेवणसिद्ध

*

शिरगोंडी,
४ ऑगस्ट १९७४

रेवणसिद्ध,

तुझ्यावर रागावलो होतो तो राग मागं घेतला. सगळा नाही, बराचसा.

गाडी म्हणजे गावाला नवा पाय फुटला. सारजाबाईचं दूध पूर्वी एस. टी.ची वाट पाहत नासायचं, आता नऊ वाजता सोलापुरातल्या हॉटेलात उकळत असतं. रामहरी नऊ वर्षं गिरणीच्या चाळीत होता, दिवाळीपुरता घरी यायचा. आता रोज रात्री घरी जेवतो. त्याच्या धाकट्या लेकीनं पहिल्या आठवड्यात आईला विचारलं म्हणे, ह्यो पाव्हना कवा जाणार? परवा हरिजन वस्तीतली बाळंतीण अडली होती, तिला सकाळच्या गाडीनं नेली, दोघं सुखरूप आहेत. रोज सत्तर-ऐंशी माणूस जातं. बाजाराच्या मंगळवारी शंभराच्या वर. तुझे चाळीस म्हणजे आमच्या एका गल्लीचं काम.

आणि आनंदाची गोष्ट अशी की, गाडी चालवायला कोण आहे? आपला बिरप्पा! बजाबाईचा नवरा, अण्णांचा जावई! फायरमनचा ड्रायव्हर झाला आणि नेमका याच गाडीवर आला. अण्णांच्या मिशीला पीळ पडलाय. सासुरवाडीची फार काळजी घेतो हो पोरगा, असं जो तो म्हणतो.

मायाक्का सहालाच उठून निघते. एवढ्या लवकर कशाला म्हटलं तर म्हणते, चालायला बरं वाटतं. संध्याकाळी अण्णा उंबऱ्यात बसून असतात. अजून एकदाही दिवा लागायच्या आत आली नाही असं झालेलं नाही.

तुझा,
ज्ञानबा

*

सोलापूर,
२ सप्टेंबर १९७४

दाजींस नमस्कार,

ऑगस्टचा तक्ता आज माझ्या टेबलावर आला. शिरगोंडी हॉल्टवरून रोज सरासरी सहा माणसं गाडीत बसली. सहा. मासिक पासवाले धरून.

तुमचे सत्तर-ऐंशी कुठं गेले? बाजूच्या टेबलावरचे वीरभद्रप्पा मला सकाळपासून विचारतायत, "काय हो, तुमची सहा माणसं बरी आहेत ना?" साहेबांनी बोलावून सांगितलं की सहा माणसांसाठी इंजिनात कोळसा जाळण्यापेक्षा टांगा करून दिलेला परवडेल.

दाजी, तुम्ही गणिताचे मास्तर आहात. माझ्यावर उपकार करा आणि माणसं मोजून कळवा.

रेवणसिद्ध

*

शिरगोंडी,
६ सप्टेंबर १९७४

रेवणसिद्ध,

माणसं मी मोजली नाहीत, कारण सात चाळीसला माझी सकाळची शाळा भरलेली असते. पण गाव रिकामं होतं हे मला डोळ्यांनी दिसतं. सहा म्हणे!

घोटाळा कुठं आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हॉल्टवर तिकिटं विकायला तुमच्या खात्यानं कोंडीबाला नेमलंय. काल मी त्याला चावडीत उभं करून विचारलं की बाकीच्या तिकिटांचं काय केलंस. तो म्हणाला, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. मी काय बोलू?" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! आता त्याला काढून दुसरा नेमायचं तुझ्याकडे लागलं.

मायाक्काला हे सांगितलं तर ती पानावरून उठून गेली. पोरींचं काही कळत नाही.

ज्ञानबा

*

सोलापूर,
१८ सप्टेंबर १९७४

दाजी,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. हे आधी वाचा आणि वाचून झालं की कोंडीबाच्या घरी जाऊन त्याची माफी मागा.

परवा सोमवारी रजा टाकली, आदल्या संध्याकाळच्या गाडीनं पुढच्या स्टेशनात उतरून मुक्काम केला आणि सकाळची शटल तिथं पकडली. तुमच्या गावाकडं डोळे लावून खिडकीत बसलो. हॉल्ट यायच्या अलीकडे मैलभर, ओढ्याजवळच्या चिंचेच्या वळणावर गाडी मंद झाली. मंद म्हणजे किती, तर सारजाबाई डोक्यावर दुधाची घागर घेऊन चढली आणि दूध हिंदकळलं नाही. मी मोजली, एकोणऐंशी माणसं चढली. गाव वळणाला लागून आहे आणि हॉल्ट मैलभर लांब, मग हॉल्टवर जाईल कोण? तिथं गाडी रीतसर थांबली तेव्हा फलाटावर पाच माणसं आणि सहावी आपली मायाक्का, छातीशी वह्या धरून. ती रोज सहाला उठून कुठं चालत जाते ते आता कळलं का?

मला खिडकीत बघून तिनं मान खाली घातली. सगळं तिला ठाऊक होतं. म्हणाली, "मामा, सांगितलं आस्तं तर बिरप्पा दाजींची नोकरी गेली आस्ती."

सोलापूर आलं की आउटर सिग्नलला गाडी थांबतेच. गिरणी तिथून जवळ, सगळे तिथंच उतरून पसार. स्टेशनच्या फाटकातून बाहेर पडली तीच सहा माणसं.

मी बिरप्पाला इंजिनापाशी गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कापसाच्या बोळ्यानं हात पुसत म्हणाला, "पैल्याच मंगळवारी वळणावर सासरे हुबे हुते. हात केला. सांगा, कसं न थांबवू?"

मी काय सांगू? खात्याचा माणूस म्हणून मी त्याचं नाव कळवायला हवं. कळवलं तर बजाबाईचं कुंकू मीच बेरोजगार केलं असं आक्का जन्मभर ऐकवेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांना एवढंच म्हणालो की गावाला अजून सवय झालेली नाही. ते म्हणाले, ऑक्टोबरचा आकडा बघतो आणि दिवाळीआधी निकाल लावतो.

ऑक्टोबर, दाजी. एकच महिना हातात आहे. फुकटच्या मैलभर चालण्यावरून स्वतःची गाडी बुडवणारं गाव मी आजवर पाहिलं नव्हतं.

रेवणसिद्ध

*

शिरगोंडी,
२५ सप्टेंबर १९७४

रेवणसिद्ध,

कोंडीबाची माफी मागितली. त्यानं चहा पाजला, हे जास्त लागलं.

मग गावसभा घेतली. बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं की तिकीट काढलं नाही तर गाडी जाईल. उत्तरं ऐक. रामहरी म्हणाला, गाडी तर भरून जाती, सरकारला दिसत न्हाई व्हय? सारजाबाई म्हणाली, जावयाच्या गाडीला तिकीट काढायचं म्हंजी त्येला परका केल्यागत हुतंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, गाडी बिरप्पाच्या बापाची नाही. त्यावर अण्णा पहिल्यांदा बोलले, "मास्तर, जावयाचा बाप काढू नगा."

सभा तिथंच मोडली.

घरी आल्यावर मी अण्णांना सरळ म्हटलं की गाडी बंद पडली तर मायाक्काचं शिक्षण बंद पडेल. ते म्हणाले, पडंल तर पडंल, नातेपुत्याचे हरिबा दिवाळी झाली की येनारच हायेत पोरगी बघाया. मायाक्का आत दिव्याखाली बसून बेडकाची आकृती काढत होती. तिनं ऐकलं. पेन्सिलीचं टोक मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी बाप आहे आणि मला काही करता येत नाही. वीस वर्षं पोरांना छड्या मारल्या त्या वाया गेल्या. माराव्या त्यांना मारता येत नाहीत.

ज्ञानबा

*

शिरगोंडी,
७ ऑक्टोबर १९७४

मामास मायाक्काचा नमस्कार.

बाबा लिहिणार होते, पण ते दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत, नुसते हसतात. म्हणून मीच लिहिते. माझ्यावर रागावू नका. मी घरातल्या मोठ्या माणसाला चारचौघांत बोलले.

गेल्या मंगळवारी मी हॉल्टवर गेलेच नाही. पहिल्यांदाच वळणावर गेले. सगळे जमले होते. आबा, म्हणजे थोरले काका, पुढं उभे होते, हातात तांब्या, वर उपरणं बांधलेलं. मला बघून रामहरीकाका म्हणाले, आली बघा पोर वळणावर, आता कसं! मला काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं. गाडीची शिट्टी ऐकू आली. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी विचारलं, "आबा, हातात तांब्या कशाला?"

ते म्हणाले, पाण्याला.

मी म्हटलं, "बजाक्काच्या घरी पानी न्हाई व्हय?"

याचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग मी म्हणाले, "लेकीच्या घरचं पानी तुमी तोंडाला लावत न्हाई. मग तिच्या नवऱ्याच्या गाडीत फुकाट कसं बसता?"

मामा, तेवढ्यात गाडी वळणावर आली, मंद झाली. आबांनी नेहमीसारखा हात वर केला. मला वाटलं, संपलं. पण तो हात थांब म्हणायचा नव्हता, पुढं जा म्हणायचा होता. बिरप्पा दाजींना कळेना, त्यांनी इंजिनातून डोकं बाहेर काढलं. आबा ओरडले, "जावईबापू, म्होरं चला! आमी तिकीट काढून येतो!"

आणि मग सगळे पळत सुटले. सारजाकाकू घागरीसकट. म्हाताऱ्या मथुराबाई काठी टेकत सगळ्यांना शिव्या देत होत्या. गाडी हॉल्टवर बारा मिनिटं उभी होती, गार्डसाहेब लाल झाले होते. कोंडीबाकाकांची तिकिटं संपली, मग त्यांनी वहीच्या कागदावर पावत्या लिहून दिल्या. मला त्या दिवशी पहिल्या तासाला उशीर झाला. सरांनी कारण विचारलं, मी गाडी लेट होती म्हणून सांगितलं.

त्यानंतर आबा माझ्याशी बोललेले नाहीत. पण रोज सकाळी सगळे हॉल्टवर येतात, आणि वाटेत मैलभर मला ऐकवतात.

आपली भाची,
मायाक्का

*

सोलापूर,
९ नोव्हेंबर १९७४

दाजी आणि आक्कांस नमस्कार,

ऑक्टोबरची सरासरी त्र्याऐंशी. वीरभद्रप्पांच्या टेबलावर तक्ता मी स्वतः नेऊन ठेवला आणि ते चष्मा पुसेपर्यंत उभा राहिलो.

साहेबांनी विचारलं, सहाचे त्र्याऐंशी कसे झाले? मी म्हटलं, साहेब, गावाला हॉल्ट कुठं आहे ते आत्ता सापडलं. ते बारा गावचं पाणी प्यालेले आहेत. एक तारखेपासून त्यांनी बिरप्पाला मालगाडीवर टाकलंय. नोकरीला धक्का नाही. दुसऱ्या दिवशी तो मला भेटला आणि म्हणाला, बरं झालं, मालगाडीला कुणी हात करत न्हाय. खरं म्हणत होता की टोमणा मारत होता ते समजलं नाही. मला अजून टोचतंय.

गाडी कायम झाली. कागद सोबत जोडला आहे, सांभाळून ठेवा. साहेबांनी माझं सातवं टिपण वर पाठवलं आणि सांगितलं की दुसऱ्या बाजूलाही अशी गाडी देता येईल का, ते लिही. म्हणजे पुन्हा सात वेळा लिहिणं आलं. तिकडच्या एकाही गावात आपला जावई नाही, एवढं बघूनच घेतो.

आता अण्णांचं काय? नातेपुत्याचे लोक येणार होते ना?

रेवणसिद्ध

*

शिरगोंडी,
२० नोव्हेंबर १९७४

नातेपुत्याचे हरिबा यांस शिरगोंडीच्या धोंडीरामाचा रामराम.

मी अडाणी हाय. मी सांगतोय, दुसरं मानूस लिवतंय. सांगीन तसंच लिवायचं, मधी आपलं शानपन घालायचं न्हाय, अशी ताकीद दिल्याली हाय.

तुमी दिवाळी झाली की पोरगी बघाया येनार हुता. येऊ नगा. राग न्हाय. तुमचं घर चांगलं, पोरगा बी चांगला. पर पोरगी सकाळच्या गाडीनं सोलापूरला शिकाया जाती आन दिवेलागणीला घरी येती. मी चार म्हैनं उंबऱ्यात बसून वाट बघितली. खरं सांगायचं तर कवा चुकती ते बघाया बसलो हुतो. सुट्टी सोडून एक दिस चुकली न्हाय. मी चावडीपुढं शब्द दिल्याला, तवा आता त्यो मलाच पाळला पायजे.

अजून चार वर्सं लागत्यात म्हनती. गाडी कायम हाय, सरकारचा कागद आलाय, पोरीनं दोनदा वाचून दावला. तुमाला दम नसंल तर दुसरीकडं बघा, आमी वाईट मानून घेनार न्हाय.

पोरीचं तोंड लई हाय, हे आदीच सांगून ठिवतो. म्होरं म्हनाल की लपवलं.

तुमच्या गावाला रेल्वे न्हाय, तवा ह्यातलं तुमाला कळायचं न्हाय. एका मंगळवारी या, संगं सोलापूरला जाऊ. माझं तिकीट मी काढीन, तुमचं तुमी काढा.

सांगणार : धोंडीराम. अंगठा उठवला आहे.
लिहिणार : त्यांची पुतणी, मायाक्का.